दोन नळांची मोरी

इंदू वहिनी गेल्याचा निरोप मला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मिळाला. दुपारची वेळ होती, उसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. मी हातातल्या गाडीचं वजन नोंदवलं, दुसऱ्या कारकुनाला खुर्चीवर बसवलं आणि आमच्या वस्तीकडे जाणारी रोझ बेलची बस धरली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. छातीचं दुखणं जुनंच होतं, पण इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एका सभेविषयी लिहायचं आहे, कारण त्या सभेचा वृत्तांत मी लिहिला होता आणि तो अपुरा होता.

सत्तरच्या दशकातलं मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, होऊन गेलं होतं. आमच्या वस्तीपाशी नदीवरचा लाकडी पूल वाहून गेला, म्हणून सरकारी खात्याने तिथे सिमेंटची मोरी बांधायचं ठरवलं. नकाशा घेऊन इंजिनिअर आमच्या बैठकेत आले. बैठका म्हणजे आमची मराठी शिकवायची, भजनाची आणि सभेची एकच खोली. पुरुष चटईवर बसले होते, बायका मागच्या दाराशी चहा गाळत होत्या. मी चिटणीस होतो. इंजिनिअरांनी सांगितलं की मोरीला रस्त्याखालून सिमेंटचे दोन मोठे नळ असतील, पुराचं पाणी त्यातून सहज जाईल. पाहणी त्यांनी ऊसतोडीच्या महिन्यांत केली होती, तेव्हा नदी सगळ्यात आटलेली असते. पूर कुठवर येतो हे त्यांनी पुरुषांना विचारलं होतं. आम्ही दाखवलेली खूण चूक होती, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. सिक्लोनमध्ये आम्ही पत्रे बांधत घरावर असतो, आणि नदीकडे जाईपर्यंत पाणी उतरलेलं असतं.

बायकांचं तसं नव्हतं. वारा पडला की दुसऱ्या सकाळी घरभराचे चिखलाचे कपडे घेऊन त्या पहिल्या नदीवर जायच्या. पाचोळा कुठल्या फांदीला अडकला आहे, धुण्याच्या सात दगडांपैकी किती बुडालेत, हे त्यांना दिसायचं. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "दोन नळ पुरायचे नाहीत. सातही दगड बुडून पाणी वरच्या जांभळापर्यंत जातं. आणि उसाचं पाचट येतं ते वेगळंच. पाऊस आता पहिल्यासारखा दिवसभर रेंगाळत नाही, तासाभरात सगळा ओततो."

"नू फिन कालकिले, मादाम," इंजिनिअर क्रिओलमध्ये, आमच्या बेटावरच्या बोलीत, म्हणाले. आम्ही हिशोब केला आहे, बाई. तसे ते सभ्य गृहस्थ होते.

कुणीतरी मागून म्हणालं, "नदी मापायला आता धोबीण ठेवा." सगळे हसले.

"धोबीण ठेवा नाहीतर मिनिस्टर ठेवा," वहिनी म्हणाल्या, "पाणी चढायचं तेवढंच चढणार." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, "भावजी, लिहा हं."

मी मान हलवली... आणि लिहिलं नाही. आकडा फुटात नसेल तर तो मी वहीत घेत नसे, आणि दगड हे काही माप नव्हे. शिवाय हजेरीत बायकांची नावं नसायची. नाव नाही त्याचं म्हणणं कसं लिहायचं? नदी बैठकेपासून दोनशे पावलांवर होती आणि मोजायचा टेप कपाटात होता. मी लिहिलं, "उपस्थितांची हरकत नाही."

दोन वर्षांनी पुन्हा सिक्लोन आलं. भर दुपारी पाचटाने दोन्ही नळ बुजले आणि पाणी वस्तीकडे वळलं. भाऊ आणि मी कामावर अडकलो होतो. घरात वहिनी आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई. वहिनींनी तिला टेबलावर भिंतीला टेकवून बसवलं, आणि टेबल तरंगू नये म्हणून छातीभर पाण्यात त्या ते दाबून उभ्या राहिल्या. पाणी उतरायला चार तास लागले. आई नवव्या दिवशी गेली. त्या दिवशी मी कामावरून पोचलो तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, आईंना थंडी बाधली." वहिनींचं छातीचं दुखणंही त्या सुमारासच सुरू झालं असं भाऊ म्हणतो. मला त्याची खात्री देता येत नाही, पण नाकारताही येत नाही.

पुढे किती वर्षं मी गप्प होतो. शेवटी एका रविवारी त्या भाजी निवडत होत्या तेव्हा म्हणालो, "वहिनी, त्या सभेत मी तुमचं लिहिलं नव्हतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या सभेत तुम्ही वाचून दाखवलंत ना. मी दारातच होते."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"एकदा बोलले होते की," त्या म्हणाल्या आणि देठं मोडत राहिल्या. थोड्या वेळाने चहा करायला उठल्या... त्या दिवशी त्यांनी माझ्या कपात जरा जास्तच साखर घातली होती. त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

तेराव्यानंतर त्यांच्या खोलीत गेलो. पूर्वी त्या खोलीत मी कधी नीट पाहिलं नव्हतं. तांदळाचा डबा, गोधड्या, देवाच्या तसबिरी, नातवाच्या शाळेच्या वह्या, सगळं फळ्यांवर, आणि सगळ्यात खालची फळीसुद्धा माझ्या छातीशी. खाली फक्त पलंग आणि चपला. मी टेप आणून मोजलं. जमिनीपासून चार फूट दोन इंच. भिंतीवर चुन्याखाली पुराची जुनी रेघ अजून पुसट दिसते, ती तीन फूट अकरा इंचांवर आहे. वहिनींनी तीन इंच जास्त धरले होते.

नदीवर जाऊन सात दगड आणि जांभळाची फांदीही मोजली. सगळे आकडे फुटांत लिहून खात्याला पाठवले आहेत, आणि माहिती देणाऱ्याच्या जागी वहिनींचं पूर्ण नाव घातलं आहे. उत्तर आलेलं नाही. मोरीला अजून दोनच नळ आहेत.

परवा पुतण्याची बायको सुनीता त्या फळ्यांपाशी उभी होती. उंचीने ती वहिनींपेक्षाही कमी आहे, डबा काढायला तिला स्टूल लागतं. म्हणाली, "काका, आता हे जरा खाली घेऊ का?"

मी म्हणालो, "पाऊस संपेपर्यंत राहू दे."

"कुठल्या वर्षीचा?" तिने विचारलं, आणि स्टूल पुन्हा भिंतीशी सरकवलं.