टोकावरच्या देवीला, आपल्या पायांनी

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गेला म्हणजे जागच्या जागी होता, पण बारीक राहिला आणि उजव्याशी त्याचं कधी जमलं नाही. मी लंगडत का होईना, चालू शकत होते. पण आमच्या जव्हारच्या घरात मला चालू कोण देणार? देवळात जायचं, वडिलांच्या खांद्यावर. शेजारी हळदीकुंकवाला जायचं, आईच्या कडेवर. चांगली घोडी झाले तरी हेच. लोक म्हणत, काय लाड आहेत पोरीचे! मला त्या लाडांची चीड येई, आणि चीड आली की मी खांद्यावर बसल्या बसल्या वडिलांचे कान ओढत असे.

वडील संस्थानच्या कचेरीत होते. आई खोडाळ्याची. दोघांचा जन्म डोंगरातला, आणि समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता.

डहाणूकडून एक बाई सुकी मासळी घेऊन जव्हारच्या बाजाराला यायची. तिनं एकदा माझा पाय पाहिला आणि आईला म्हणाली, "आमच्याकडं दर्यात दगडाचं एक टोक गेलंय बाय. टोकावर आई बसलीय. तिला बोल, पोरीचा पाय बरा झाला की तिला आपल्या पायांनी चालवत आनीन. कडेवरनं नाय हां!"

आई त्या संध्याकाळीच नवस बोलली. मग वाट पाहिली. दिवाळी गेली, शिमगा गेला, पुन्हा दिवाळी आली. पाय तसाच. दुसरी कुणी असती तर देवीवर रुसली असती. आईने वेगळंच डोकं चालवलं. ती म्हणाली, आपण नवस आधीच फेडून टाकू.

"अगं, नवस असा उलटा फेडतात का?" वडील म्हणाले.

"एखाद्याचं काम आपण आधी करून ठेवलं की मग त्याला नाही म्हणवत नाही. देवीलाही भीड पडेल."

वडिलांना हसू आलं, पण आईपुढे त्यांचं काही चालत नसे. भाताची झोडणी उरकल्यावर थंडीच्या दिवसांत त्यांनी रजा काढली, पोशेऱ्याच्या एका ओळखीच्या गाडीवानाला सांगितलं, आणि आम्ही बैलगाडीने निघालो. वाटेत मुक्काम करत करत एका सकाळी समुद्रापाशी पोचलो. समुद्र बघून आई एवढंच म्हणाली, "बाई गं, याला पलीकडची कड नाही."

ते टोक म्हणजे काळ्या कातळाची लांबच लांब रांग होती. किनाऱ्यापासून निघून थेट समुद्रात घुसलेली. मधेच एका जागी ती बसकी झाली होती, तिथे नुसते धोंडे आणि वाळू. त्यापुढे कातळ पुन्हा वर चढत गेला होता, आणि अगदी शेवटी, वाऱ्यात, शेंदराचा एक ठिपका दिसत होता. तीच देवी.

पाणी तेव्हा खूप खाली गेलं होतं. गाडीवानाने ओल्या वाळूवरच गाडी सोडली आणि बैल मोकळे केले. यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडे पावसाळा सरला की ओहळाचं पाणी उतरतं ते उतरतंच, पुढच्या ज्येष्ठापर्यंत वर येत नाही. थंडीच्या दिवसांत नदीच्या पात्रात गाड्या उभ्या राहतात, बायका तिथेच चूल मांडतात. दाभोशाच्या नदीत आम्ही हेच पाहत आलो होतो. समुद्राचं पाणी वेगळं वागेल हे आम्हां चौघांपैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि विचारावं तर किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

मी चालायला लागले. पायाखालचा दगड कुठे सुरीसारखा धारदार होता, कुठे शेवाळाने गुळगुळीत. कालवांच्या शिंपा तळव्यांना टोचत होत्या. वडील दर दोन पावलांना हात पुढे करत आणि आई तो हात मागे लोटत असे. मी बसत, उठत, चिडत चालले होते. आई एक पाऊल पुढे, नारळ छातीशी धरून, माझ्याकडे न बघता. मला तिचा फार राग आला होता. तिला मी हवी होते की देवी, असं मी तिला मोठ्याने विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "दम राखून ठेव, बोलू नकोस."

त्या बसक्या जागेपाशी आलो तेव्हा धोंड्यांमध्ये पाणी खळखळत होतं. वडिलांनी वर आभाळाकडे पाहिलं, मग डोंगरांकडे.

"वर कुठं तरी पाऊस झाला असेल," ते म्हणाले. "ओसरेल एवढ्यात."

आम्ही ओसरायची वाट पाहत उभे राहिलो. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. लांब किनाऱ्यावर गाडीवान मुंडासं हलवून काहीतरी ओरडत होता. त्याला आनंद झाला असावा असं समजून वडिलांनीही हात हलवला. मग एक लाट आली आणि माझा पाय निसटला. वडिलांनी मला झटकन उचलून खांद्यावर घेतलं आणि पाण्यातून पलीकडे निघाले.

"अहो, नको! खाली ठेवा तिला!" आई मागून ओरडली.

"खाली कुठं ठेवू? पाण्यात?"

पलीकडच्या उंच कातळावर त्यांनी मला उतरवलं तेव्हा आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिथून देवीपर्यंत मी चालत गेले, पण आईने नारळ पुढे केला नाही. तो मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

"मोडला नवस," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने मागू?"

"देवी समुद्राकडे तोंड करून बसलीय," वडील हळूच म्हणाले. "तिला मागचं कुठलं दिसायला?"

आई हसली नाही. परतीची वाट पाण्याखाली गेली होती, त्यामुळे बसून राहण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही कातळाच्या आडोशाला ऊन खात बसलो. वडिलांनी आणि मी नागलीची भाकर खाल्ली, आईने पाण्याचा थेंबही घेतला नाही. लाटा खालच्या दगडांवर यायच्या, फुटायच्या, परत जायच्या. वारा बोचरा होता, पण ऊन छान लागत होतं. घाबरावं असं आता काही राहिलं नव्हतं. तरी मला आईकडे बघवत नव्हतं. माझा पाय बारीक होता हे मला ठाऊक होतं. पण त्याचं एवढं ओझं ती वागवते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. राग कुठल्या कुठे गेला.

दुपार कलली तसं पाणी आलं तसंच आपलं आपण मागे जाऊ लागलं. धोंड्यांची डोकी वर आली, मग खांदे, मग मधली वाळू. मी उठले आणि न सांगता खाली उतरायला लागले.

"कुठं चाललीस?" वडील ताडकन उभे राहिले.

"जिथून उचललंत तिथं."

ते मागे धावणार तेवढ्यात आईने त्यांच्या धोतराचा सोगा घट्ट धरला. "जाऊ द्या तिला."

मी ती बसकी जागा ओलांडली, वडिलांनी मला उचललं होतं त्या दगडापर्यंत गेले, त्याला हात लावला आणि परत फिरले. शेवाळ आता ओलंकच्च होतं. एकदा पडले, गुडघा शिंपांवर फुटला. पुन्हा पडले, तेव्हा हातांवर आले. वर बघितलं तर वडील अर्धवट वाकून उभे, आणि आई त्यांचा सोगा दोन्ही हातांनी धरून बसलेली. दोघांपैकी एकही पुढे आलं नाही. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. उरलेला चढ मी चक्क चार पायांवर चढले आणि देवीपुढे येऊन सरळ उभी राहिले.

"फोडा आता," आई वडिलांना म्हणाली.

नारळ फुटला. आईने डोकं टेकलं आणि लगेच उठली. इतक्या लांब येऊन एवढंच?

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "फार लागलं का?"

"नाही," मी म्हणाले. खरं तर आग आग होत होती.

किनाऱ्यावर आलो तो गाडीची चाकं आसापर्यंत वाळूत रुतलेली. बैल कधीच वर झाडाखाली जाऊन बसले होते.

"दादा, बैलांना कळलं, आपल्याला नाय कळलं," गाडीवान वडिलांना म्हणाला. "म्यां केवढा वरडलो! तुमी आपले हात हलवताय."

त्याने हातांनी वाळू उपसली, बैल जुंपले, चाकांखाली दगड घातले. दिवस बुडायला आला होता. एका चाकाला वडील लागले. आईने पदर खोचला आणि दुसऱ्या चाकाला हात घातला. मी नेहमीच्या सवयीने एक कोरडा दगड बघून त्यावर बसले.

आईने मान वळवून पाहिलं.

"बसलीस काय अशी? ये, लाव हात चाकाला."

"बाय, पोरीला कशाला?" गाडीवान म्हणाला. "तिचा पाय..."

"तिचे हात धड आहेत," आई म्हणाली. "आणि ती चालत जाऊन आलीय."

मी उठले, आईशेजारी जाऊन चाक धरलं आणि सगळ्या अंगानिशी रेटलं. रेटता रेटता मला रडू फुटलं. गाडीवानाला वाटलं गुडघा दुखतोय, तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी, हो बाजूला." मी काही बाजूला झाले नाही.