तव्यावरची गुराब

लोणावळ्याच्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून श्रीयशने लढाऊ जहाज तव्यावर ठेवलं. बोटभर लांबीची, तीन डोलकाठ्यांची गुराब. कान्ह्याच्या गोरखभाऊंनी कथील-शिशात ओतलेली. शेजारी त्र्यंबकरावांची, पितळी. पितळेला तव्याचं काय! गोरखभाऊंच्या डोलकाठ्यांनी मात्र माना टाकल्या.

"तवा भाकरीसाठी आहे, आरमार भाजायला नाही," आई म्हणाली.

दोन कारागिरांची तुलना करायला त्याला चैतालीबाईंनी सांगितलं होतं. बाई शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना प्रदर्शनासाठी अख्खं आरमार करून घ्यायचं होतं, आणि जहाजं रंगवण्याचा नाद असलेला रिकामा माणूस गावात एकच. दोन्ही जहाजांना सारखंच काळं अस्तर द्यायचं, म्हणजे धातूच्या चकाकीला डोळे भुलत नाहीत, ही त्याची पद्धत. तवा सोडला तर पद्धत चोख.

त्याने लिहून दिलं : 'त्र्यंबकरावांच्या तोफा म्हणजे नुसत्या पुटकुळ्या, पण जहाज दणकट. गोरखभाऊंच्या शिडात वारा भरलेला दिसतो, दोराची गाठसुद्धा ओळखू येते; मात्र डोलकाठ्या वाकतात.' एक अक्षर खोटं नाही, हीच तर हुशारी. काम त्र्यंबकरावांकडे गेलं.

गोरखभाऊंनी वराळ्याच्या कारखान्यात जन्मभर पंपांची झाकणं ओतली. कामगारांच्या सहलीत एकदा समुद्र पाहिला. बाकीचे शहाळी पीत होते, हे एका होडीचं शीड बघत बसले. निवृत्त झाल्यावर न्हाणीमागच्या पत्र्याखाली जहाजं ओतायला लागले. "ओढ्याला पानी न्हाई, आन म्हनं आरमार!" असं त्यांच्या पत्नी विठाबाई येईल त्याला सांगायच्या, पण बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर जहाजांची रांग त्याच लावायच्या.

श्रीयश कान्ह्याला गेला तेव्हा फळी रिकामी होती.

"वितळवली समदी," गोरखभाऊ म्हणाले. "डोलकाठी वाकती म्हंजी माझ्या धातूतच खोट. तुमी लिवलं ते बरं केलं."

"साचं भंगारात द्या म्हनत्यात आता," विठाबाई म्हणाल्या. "म्या बोलायची ती चेष्टा हो. खरंच बंद करा म्हनलं नव्हतं."

खरं सांगायला श्रीयशने तोंड उघडलं आणि त्यात चहा ओतला. कान्हे स्टेशनवर आल्यावर मात्र बाईंना फोन लावला.

"बाई, त्या डोलकाठ्या मी वाकवल्या. तव्यावर."

बाईंनी विचारलं, "तेल टाकलं होतंत का?"

"बाई..."

"निम्मं आरमार अजून करायला द्यायचं राहिलंय. ते गोरखभाऊंना देते. पण त्यांना खरं काय ते तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने."

"सांगतो."

पुन्हा गेला तेव्हा फळी भरली होती. गोरखभाऊंनी धातूचं मिश्रण विनाकारण बदललं होतं आणि त्यावर भलतेच खूश होते. "तुमी चूक दावली म्हनून काम गावलं," म्हणाले. विठाबाईंनी इंद्रायणी तांदळाची पिशवी त्याच्या हातात कोंबली. तिचं ओझं तांदळापेक्षा जास्त होतं.

"ती वाकलेली तेवढी परत आना की," गोरखभाऊ दारापर्यंत आले. "बघू द्या, कुटं चुकलो."

वाकलेल्या गुराबेच्या कुशीवर अस्तर करपून फुगलंय. जन्म भट्टीपुढे गेलेल्या माणसाला खरं ओळखायला तेवढं पुरे.

"विसरलो, भाऊ. पुढच्या खेपेला नक्की."

त्यानंतर श्रीयशच्या बऱ्याच खेपा झाल्या. गुराब अजून त्याच्याच कपाटात आहे.