बॅनरवरचा आकडा

तू त्या फुटबॉल टीममध्ये नक्की करतेस काय, हा प्रश्न मला शीवच्या सासरी आणि काळाचौकीच्या माहेरी गेली कित्येक वर्षं विचारला जातोय. पंच आहेस का? नाही. डॉक्टर? नाही. मग काय, पाणी देतेस? अरे देवा. मी पगार बसवते. लीगचा नियम आहे की एका हंगामात क्लबने सगळ्या खेळाडूंचे मिळून अमुक एवढेच पगार द्यायचे, वर एक रुपया नाही. ऑफिसात त्याला कॅप म्हणतात. मालकाला सगळेच हिरे हवे असतात, कोचला हिऱ्यांबरोबर दगडही हवे असतात, आणि त्या मर्यादेत पूर्ण संघ उभा करायचा तो मी. आई दहा पाहुण्यांना चार पापलेटं पुरवायची, तसंच हे. फरक इतकाच की इथल्या पापलेटांना एजंट असतात.

ऑफिस लोअर परळला, अठराव्या मजल्यावर. बाबांच्या गिरणीच्याच जागेवर ते उभं आहे असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खोटं. त्यांची गिरणी दुसरी, तिथे अजून पत्रे ठोकलेले आहेत.

तर ज्याची ही गोष्ट, तो. आमच्या चाळीत बाबांच्या खोलीपासून तिसरं दार. सगळी चाळ कबड्डी आणि क्रिकेट खेळायची, आणि हा एकटा शाळेतल्या ख्रिश्चन मुलांबरोबर राहून फुटबॉल शिकला. लेफ्ट बॅक, डाव्या बाजूचा बचावपटू. म्हणजे ज्याच्या नावाची जर्सी कुणी विकत घेत नाही आणि जो नसला की पहिल्या दहा मिनिटांत गोल बसतो, तो. वय चौतीस, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वडील नव्हते. आई पोळीभाजीचे डबे करायची आणि बायको-मुलगी तिच्याचजवळ. त्याचा आधीचा करार संपला होता, आणि मी त्याच्यासाठी दोन वर्षांची जागा काढत होते. शेवटची दोन वर्षं. तेवढ्यात तो कोचिंगचं लायसन्स करणार होता, क्लबच्या खर्चाने. मला म्हणाला, "दोन वर्षं मिळाली तर माणसात राहीन ताई. नाहीतर मला येतं काय? डावीकडून धावता येतं."

कोलकात्याच्या एका छोट्या क्लबने त्याला विचारलं होतं. मी म्हटलं, सोड ते, तुझी जागा मी धरून ठेवलीय. त्याने त्याच दिवशी त्यांना नाही म्हणून कळवलं. माझ्या शब्दावर, एकदाही मागे वळून न बघता.

धरून ठेवणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या धंद्यात सगळे खोटं बोलतात आणि ते सगळ्यांना माहीत असतं. कॅपमध्ये पैसे उरले असले तरी एजंटांना सांगायचं, संपले हो, तळाला खडखडाट आहे. त्या वर्षी आम्ही एका परदेशी स्ट्रायकरशी बोलत होतो. त्याचा एजंट गोव्याचा, फोनवर अगदी गोड, आणि खिशात हात घालून मोजणारा. त्याला मी तीन आठवडे सांगत होते की तुमच्या माणसाला देऊ शकते ते हेच, याउपर दमडी नाही. तो जवळजवळ तयार झाला होता. आणि माझ्या लेफ्ट बॅकचे पैसे मी त्याच्या नजरेपासून लपवून बाजूला ठेवले होते.

गुरुवारी त्याचे कागद तयार झाले. मी फोन केला, ये, सही कर. तासाभराने त्याचाच फोन. आवाज खाली गेलेला. "ताई, आई म्हणतेय आषाढ संपू दे. चारच दिवस राहिलेत. सोमवारी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी करतो सही."

इथे मी ओरडायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला ओरडलेही असते, माझा आवाज ऑफिसात प्रसिद्ध आहे. पण मी त्याच चाळीतली. आषाढात नवीन काही करायचं नाही हे माझ्याही हाडात मुरलेलं. माझ्या लग्नाच्या वेळी तर बाबांनी आषाढात मंगळसूत्रसुद्धा बघू दिलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, सोमवारी अकराला ये. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?

रविवारी गटारी. मी नवऱ्याला घेऊन काळाचौकीला गेले, बाबांकडे कोंबडी-वडे. बाबा आमच्या मंडळाचे जुने सल्लागार, ऐंशीला टेकले तरी अहवालाचं प्रूफ स्वतः तपासणार. जेवताना त्यांनी विचारलं, "काय गं, त्या पोराचं झालं का?" मी म्हटलं, झालं, उद्या सही. "किती देताय?" आणि मी आकडा सांगितला.

का सांगितला? आता कितीही डोकं आपटलं तरी उत्तर तेच येतं. मला मिरवायचं होतं. सहा-सात वर्षं पाणी देतेस का, पाणी देतेस का ऐकून घेतलं होतं. आज आपल्या चाळीतल्या माणसाला मी एवढे मिळवून देतेय, हे बाबांनी ऐकावं असं वाटलं. त्यांचा हात वड्यावर थांबला. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, "गिरणीत मी जन्मभर एवढे बघितले नाहीत." मला इतका आनंद झाला की मी आणखी दोन वडे खाल्ले. जिभेला हाड नाही ते नाहीच, वर पोटही भरलेलं.

सोमवारी मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. पूजेला विभागातल्या गुणवंतांचा सत्कार करायची आमच्याकडे पद्धत आहे, दहावीच्या मुलांपासून कुणी हवालदार झाला तर त्याच्यापर्यंत. बाबा जेवण झाल्यावर तसेच उठून मंडळाच्या खोलीत गेले. मी आतल्या खोलीत आडवी झाले. लालबागला बॅनर छापून मिळायला किती वेळ लागतो? संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा नाक्यावर बांबू ठोकणं चालू होतं. मी बघितलंही नाही, नवऱ्याला टॅक्सी मिळाली होती.

सोमवारी सकाळी साडेआठला गोव्याहून फोन.

"मॅडम, अभिनंदन," तो म्हणाला. गोव्याचा माणूस, देवनागरी मस्त वाचतो. मंडळाच्या फेसबुक पानावर बॅनरचा फोटो होता आणि खाली आमच्या क्लबला टॅग केलेलं. हात जोडलेला माझा लेफ्ट बॅक, मागे गणपती, आणि वर लाल अक्षरांत: आपल्या विभागाचे सुपुत्र, उद्या दोन वर्षांसाठी करारबद्ध. त्याच्याखाली, सगळ्यात मोठ्या टाइपात, आकडा. पैशासकट, चुकीशिवाय. बाबांनी प्रूफ तपासलं असणार.

"तुम्ही म्हणत होता दमडी नाही," एजंट म्हणाला. "आणि उद्या म्हणजे आज. म्हणजे अजून सही नाही. मग हे पैसे अजून रिकामेच आहेत ना? आमच्या माणसाला तेवढेच वर द्या. नाहीतर दुपारी दुसऱ्या क्लबला होकार कळवतो."

मी मालकाला फोन लावला, भांडले, अक्षरशः भांडले. मी म्हटलं, या एकट्या स्ट्रायकरमुळे बचाव उघडा पडेल. कोचलाही बोलायला लावलं. मालक शांतपणे म्हणाले, स्ट्रायकरचा चेहरा सीझनच्या तिकिटांवर छापून झालाय, लेफ्ट बॅकचा नाही. मग मी दोन तास आकडे फिरवत बसले. याचे थोडे कापले, त्याचे पुढच्या वर्षावर ढकलले. शेवटी जे उरलं त्यात नियमाने घ्यावाच लागतो तो एक एकवीस वर्षांखालचा खेळाडू बसत होता. दुसरं कुणी नाही.

बरोबर अकराला तो आला. नवा शर्ट, कपाळाला टिळा, हातात पेढ्यांचा पुडा. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. मालकांनी निर्णय बदलला, एवढंच. तो खुर्चीत बसून ऐकत होता. किमान पगारावर खेळेन म्हणाला. मी म्हटलं, तेवढेही नाहीत रे. कोलकात्याला विचारू का म्हणाला, आणि माझ्यासमोरच फोन लावला. त्यांनी शुक्रवारीच दुसरा घेतला होता.

मग त्याने विचारलं, "ताई, बोर्डावर आकडा कुणी टाकला? मी तर कुणाला सांगितलाच नव्हता."

तेव्हा बोलायचं होतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो, यापेक्षा बरी वेळ आली नसती. मी म्हटलं, "मंडळाचे लोक, कुठून तरी ऐकलं असेल. त्यांना काय कळतंय?"

त्याने मान हलवली. पेढे टेबलावर तसेच ठेवले. जाताना म्हणाला, "संध्याकाळी पूजेला ये. तू नाही आलीस तर लोक विचारतील. आणि तिथे काही बोलू नकोस, सगळ्यांनी केलंय एवढं तर होऊन जाऊ दे."

गेले. काय करणार? मंडपात पंखे घरघरत होते, प्रसादाच्या शिऱ्याचा वास सुटला होता. त्याला शाल-श्रीफळ दिलं. बाबांनी माइक हातात घेऊन आकडा वाचून दाखवला आणि टाळ्या पडल्या. त्याने हात जोडले, फोटोत होते तसेच. मग माझं नाव पुकारलं आणि मलाही गुच्छ दिला, त्याला हे दिवस दाखवणारी आपल्या विभागाची कन्या म्हणून. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. मी गुच्छ घेऊन हसले. तो फोटो अजून बाबांच्या भिंतीवर आहे.

खाली उतरले तर त्याची आई ओटीचं ताट घेऊन उभी. मला बाजूच्या जिन्यापाशी नेलं, कुंकू लावलं, पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. माझा धीर सुटला. मी म्हटलं, "काकी, थांबा, मला तुम्हाला सांगायचंय..."

"माका दुपारीच सांगल्यान तेना," काकी म्हणाली. आवाज अगदी हळू, मागे लोक होते. "नारळ तुझ्या नावान काढून ठेवलेलो. तुजो काय दोष नाय गो बाय. मीच मदी इलंय. आषाढ सरांदे म्हटलंय मी. गुरुवारी सही करूक दिलंय असतंय, तर आज माझ्या झिलाचा असा झाला नसता."

आणि पदराने तोंड दाबून रडायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आकडा मी फोडला होता. सांगायला एक वाक्य पुरे होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे काकी, तुम्हाला काय माहीत."

त्याला पुढे कुठेच जागा मिळाली नाही. लायसन्स राहिलं. आता तो परळच्या एका मॉलमध्ये सुपरवायझर आहे, बारा तास उभा, त्याच गुडघ्यावर. मला बघितलं की हात करतो. स्ट्रायकरने सहा गोल केले आणि पुढच्या वर्षी निघून गेला. बॅनर दहीहंडीपर्यंत नाक्यावर होता, मग त्याच्यावर दुसरा चढला.

काकीने तेव्हापासून श्रावणी सोमवार धरलेत, निर्जळी, मुलाचं नशीब आपण अडवलं म्हणून. सत्तरी उलटली, चक्कर येते, डॉक्टर ओरडतात. गेल्या श्रावणात मी गेले तेव्हा सून मला म्हणाली, "ताई, तुमचं ऐकतात त्या, तुम्ही तरी सांगा ना."

मी काकीजवळ बसले आणि म्हटलं, निदान पाणी तरी प्या.