जवळ्याचा काला

स्वराज्य आलं तेव्हा आमच्या पनवेलला देश घडवायची भारी घाई झाली होती. शाळेतल्या एका गुरुजींनी आम्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचं पथक काढलं. रविवारी मैदानावर कवायत, मग तळ्याकाठची साफसफाई. प्रमुख आम्हीच निवडायचा होता. आम्ही खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीसाठी हात वर केले. तिचा आवाज दणदणीत होता, आणि चिखलात ती आधी स्वतः उतरायची, मग आम्हाला बोलवायची. दिवाळीनंतर मोठं शिबिर होतं आणि तिथे आमचं पथक तीच नेणार होती. गुरुजींनी दिलेली शिट्टी ती गळ्यातून काढत नसे. झोपतानासुद्धा नाही, असं आम्ही चिडवायचो.

त्याआधी कर्नाळ्याला सहल गेली. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून गोपाळकाला करायचा, ही गुरुजींची कल्पना. परातीत पोहे पडले, दही पडलं, भात नि लोणचं पडलं. ती मात्र डबा धरून मागे उभी.

"गुरुजी, माजं येगलं ठेवा," ती म्हणाली. "त्यात..."

पोर जातीला लाजतेय, असं गुरुजींना वाटलं. पथकात वेगळं काही नसतं, असं म्हणत त्यांनी तिचा डबा घेतला आणि परातीत उपडा केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत तिचं पुढचं बोलणं बुडून गेलं. लेक पहिल्यांदाच पुढारी होऊन निघाली, म्हणून तिच्या आईनं भाकरीबरोबर घरातलं चांगलंचुंगलं दिलं होतं, सुक्या जवळ्याची, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीची चटणी. काला आम्ही बोटं चाटून खाल्ला. तिनं घासही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानं घरी तसलीच चटणी मागितली आणि बिंग फुटलं. ज्यांच्या घरी मासळीचं नावही निघत नसे, ते सगळे शाळेत जमले आणि मुलांना आता पथकात पाठवणार नाही म्हणाले. आमचंही घर त्यातलंच. गुरुजींची नोकरी याच मंडळींच्या हातात होती. मुलीनं आधी सांगायला हवं होतं, असं गुरुजी म्हणाले. ती सांगत होती, मी ऐकलंय, असं मी वडिलांना म्हटलं. मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, म्हणाले. आमची समता म्हणजे बोलाचाच भात नि बोलाचीच कढी. गुरुजींचा मला आजही राग येतो, आणि त्याहून जास्त कीव येते.

पुढच्या रविवारी मी घरी देवळाचं नाव सांगून मैदानावर गेले. ती आली होती. आम्ही दोघीच. तिनं बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली आणि मला एकटीला उभं करून सगळी कवायत घेतली. दक्ष, विश्राम, डावीकडे वळ, एकही हुकूम गाळला नाही. आवाज तसाच दणदणीत. मला रडू येत होतं, पण दक्षमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

शेवटी तिनं शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"गुरुजींना दे," ती म्हणाली. "आता मी कोनाची प्रमुक?"

माझी, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारीही मी गेले. मैदानावर कुणीच नव्हतं.