दौलतचं पातेलं

रविवारची प्रार्थना अर्धा तास चालते, चहा दोन तास. मग किस्से साचणारच. आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं दोनच, माझं आणि दौलतचं. बाकीची मंडळी पासली गावाकडनं गाडीवर येतात आणि चहाला बसली की दौलतचंच काढतात. तो गप बसतो, म्हणून मीच सांगतो.

*

गावच्या पंगतीची भांडी दौलतच्या ताब्यात असायची. वाडीतल्याच तात्याच्या लेकीचं लग्न झालं आणि सगळ्यात मोठं पातेलं गायब. तात्या म्हणाला, सगळी भांडी मी परत केली. वर चार माणसांत बोलला, "देव सोडला त्यानं, पातेलं विकायला काय लागतंय!"

दौलत म्हणाला, "म्या न्हाई विकलं." भांड्यांच्या खोलीची किल्ली तात्याच्या हातात दिली आणि घरी आला. बास, एवढंच. माझा हात काठीकडं गेला होता.

*

त्या रविवारी दौलतनं तात्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. त्याच्या गुडघ्याला आराम पडू दे म्हणे. मी डोळे उघडेच ठेवले. दौलतची बायको मार्था कुजबुजली, "आमेन म्हना की, दाजी."

म्हणालो, "माझं आमेन घरी राहिलंय."

*

आमच्याकडं भातलावणी इर्जिकीवर. सगळं गाव मिळून आज याचं रान लावतं, उद्या त्याचं. त्या पातेल्यापायी दौलतचं रान सलग दोन वर्षं वगळलं. हा मात्र सगळ्यांच्या रानात गेला, तात्याच्यासुद्धा. इकडं याची रोपं गुडघ्याएवढी झाली. अजून चार दिवस गेले असते तर वर्षाचं भात गेलं असतं. शेवटी कमरेला पट्टा बांधून मी उतरलो. आम्ही तीन म्हातारी चिखलात.

मार्था म्हणाली, "येशूनं सोसलं खरं. पन त्याच्या मागं चिखलात बायको हुबी नव्हती."

दौलत हसला आणि परत वाकला.

*

तात्याच्या लेकीला पोरगी झाली. किकवीला, तिच्या सासरी बारसं. तात्यानं दौलतला विचारलं नव्हतं, पण लेकीनं फोन केला, "काका, तुमी आलंच पायजे." टेम्पोनं सगळं गाव गेलं. बघतो तर चुलीवर आमचंच पातेलं, कडेला वाडीचं नाव कोरलेलं! लग्नात रुखवताच्या भांड्यांबरोबर टेम्पोत चढलेलं.

लेकीची सासू कौतुकानं सांगत होती, "व्याह्यांनी दिलंय, एवढं मोठं."

तात्याचं तोंड काळंठिक्कर. सगळी माणसं दौलतकडं बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दौलत म्हणाला, "तात्यांनी लेकीला काय कमी पडू दिलं न्हाई."

आणि जेवायला बसला. दोनदा भात घेतला.

*

पुढच्या लावणीला दिवस उजाडताना मी दौलतच्या रानावर गेलो, तर तात्या आधीच चिखलात. एकटा. तो दुखरा गुडघा घेऊन वाकून रोपं लावत होता. दौलत त्याच्या शेजारी उतरला. मी बांधावर बसून ऐकत होतो.

मग तात्या खाली मान घालूनच म्हणाला, "दौलत, बारशाच्या दिशी बोलला का न्हाईस?"

दौलतनं तात्यानं लावलेल्या रोपांकडं बघितलं.

"तात्या, ओळ वाकडी चाललीय."

तात्यानं रोपांचे चार चूड उपटले आणि पुन्हा लावले.