काडी ओली निघाली तेव्हा

सकाळचे साडेआठ वाजले होते. ह्यांचा चष्मा सापडत नव्हता, आणि चष्मा शोधायला ह्यांना चष्माच लागतो, त्यामुळे शोधकाम माझ्याकडे आलं होतं. गॅसवर दूध, टेबलावर तापलेली इस्त्री आणि मी सोफ्याच्या उशा उचलतेय, तेवढ्यात दारावर दोनदा टकटक झाली. मग जरा थांबून तिसरी, हलकी. पहिल्या दोन नीट पोचल्या का, याची खात्री करून घेतल्यासारखी. असं दार वाजवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच आहे.

खालच्या मजल्यावरचे कुरकुरीतकाका.

हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलं आणि काकांनी ते बिनतक्रार लावून घेतलं. बिस्किटांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. भट्टीतून बाहेर येणाऱ्या पट्ट्यावरून दर अर्ध्या तासाला एक बिस्किट उचलायचं, डाव्या कानापाशी धरून मोडायचं आणि आवाज ऐकायचा. कट् झालं तर पास. वाकलं, आवाज दबका आला, तर अख्खी खेप बाजूला. "नरम म्हणजे नापास," हे त्यांचं ब्रीदवाक्य. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. आमच्याकडे चहाला आले की बशीतलं बिस्किट आधी कानाशी जायचं, मग तोंडात. डबा नीट बंद केलेला नसला तर मला तिथल्या तिथे समजायचं. पाहुण्यापुढे इतकी कडक परीक्षा मी सासूबाईंनंतर दिली नव्हती.

दार उघडलं तर त्यांच्या हातात चौकोनी टिन होता. आठ इंची, एका कोपऱ्याला पोचा आलेला. तो पोचा माझ्या ओळखीचा होता. माझ्याच स्वयंपाकघरात पडून आलेला.

"वहिनी, तुमचा ओव्हन चालतो ना अजून?"

"चालतो की. का हो?"

"मला ब्राउनी शिकायची आहे. सुकी फळं घातलेली. ती मधे ओलसर राहते, तसली."

ह्यांना चष्मा तेवढ्यात स्वतःच्याच डोक्यावर सापडला होता. तो नाकावर घेत ह्यांनी दाराकडे पाहिलं. "काका, तुम्ही आणि ओलसर? तब्येत बरी आहे ना?"

काका हसले नाहीत. टिन दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी ह्यांच्याकडे एक नजर टाकली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

ते पुढे काय म्हणाले ते सांगण्याआधी अकरा वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, कारण त्या टिनाची सगळी कथा माझ्या स्वयंपाकघरात घडली आणि मी तिथे होते.

काकांची एकुलती एक लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यांच्याकडे ओव्हन नव्हता म्हणून ती माझ्याकडे यायची. हात देखणा. पीठ चाळायची तर ओट्यावर कण सांडायचा नाही. दुसऱ्या शहरात बेकिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, तिथे तिला प्रवेश मिळाला होता. आई तयार होती. काकांनी एक अट घातली. "काहीतरी बनव. मी तपासतो. मग ठरवू."

तिने फळांची ब्राउनी निवडली. चेरी आणि अंजीर आदल्या दिवशीच संत्र्याच्या रसात भिजत घातले. चॉकलेट आणि लोणी गरम पाण्यावर वितळवलं, तेही पातेल्याचं बूड पाण्याला टेकू न देता. मैदा इतका थोडा घेतला की मलाही शंका आली. "काकू," ती म्हणाली, "हा केक नाही. मऊ राहायला हवा, मधे जवळजवळ घट्ट सॉससारखा. बाहेर काढताना कच्चा वाटतो. गार झाला की जमतो. तोवर हात नाही लावायचा." टिन ओव्हनमध्ये ठेवून ती पंचवीस मिनिटं स्टुलावर बसून राहिली. काचेतून असं बघत होती जसं स्टेशनवर कुणाची वाट बघावी.

तिने टिन बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि चेहरा धुवायला गेली. तेवढ्यात दार वाजलं. दोन टकटका, मग एक.

काका कामावरून तसेच आले होते, खिशाला कारखान्याचा बिल्ला. त्यांनी टिन जरासा हलवला. मधला भाग थरथरला. खिशातून दात कोरायची काडी काढली, मधोमध खुपसली; कोरडी निघाली तर भाजलं, असा नियम. ओली निघाली. अर्थात निघणारच, ती सरळ एका भिजलेल्या चेरीतून गेली होती.

"कच्चं आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा. कच्चंच आहे ना?"

मला माहीत होतं. अर्ध्या तासापूर्वीच त्या पोरीने मला सगळं समजावलं होतं. पण वडील विचारत होते, लेक त्यांची, शेजारधर्म माझा. मी म्हटलं, "हो, जरा वाटतंय खरं."

त्यांनी टिन परत आत ठेवला. बारा मिनिटं. ती बाहेर आली तेव्हा ओव्हनचा दिवा लागलेला होता. तिने आधी ओव्हनकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मी ओटा पुसायला घेतला. टिन बाहेर निघाला तेव्हा कडा करपल्या होत्या आणि चेऱ्यांचे खडे झाले होते. काकांनी कोपरा मोडून कानाशी नेला. कट्.

"आता बघ," ते खरोखर आनंदाने म्हणाले. "मी आलो म्हणून वाचलं. अजून हात बसायचा आहे तुझा. एक वर्ष घरी कर, मग बघू त्या कोर्सचं."

तिने तो गरम टिन फडक्याने धरून उचलला, आणि तो तिच्या हातून निसटला. पोचा आला तो तेव्हा. ती खाली बसून तुकडे गोळा करत राहिली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "असू दे काकू."

पुढचं वर्ष कधी आलंच नाही. तिने एका विमा कंपनीत नोकरी धरली, तिथली बढती घेऊन दुसऱ्या गावी गेली. बाप-लेकीचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान शेवट असतो. ती दर रविवारी फोन करायची, औषधं घेतली का विचारायची, वर्षातून एकदा पार्सल पाठवायची. पार्सलमध्ये बिस्किटं. उत्तम, कुरकुरीत, दुकानातली. आई वारली तेव्हा आली, तेरा दिवस राहिली, माझ्या स्वयंपाकघरात एकदाही पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा बाहेरच्या खोलीत घेतला.

तर त्या सकाळी काका टिन घेऊन माझ्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "मंगळवारी बँकेत गेलो होतो. शेजारी नवीन केकचं दुकान झालंय. म्हटलं, बघू. ब्राउनी घेतली. मोडायला गेलो तर वाकली. मधे नुसता लगदा. मी काउंटरवर परत गेलो. तिथल्या मुलीला म्हटलं, बाळा, तुमची भट्टी तपासून घ्या, माल कच्चा निघतोय."

"मग?"

"ती हसली. म्हणाली, काका, ही अशीच असते. मुद्दाम करतो आम्ही. सुकी झाली तर लोक परत करतात." काकांनी टिनाच्या पोचावर अंगठा फिरवला. "मुद्दाम, म्हणाली. मी विचारलं, आणि फळं घातली तर? तर म्हणाली, मग अजून ओलसर. काडी ओलीच निघते, काडीवर जायचं नाही. वीस-बावीस वर्षांची असेल. रांगेतले लोक माझ्या मागे हसत होते. मी तिथेच उभा राहिलो, वहिनी. हलताच येईना."

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. बिस्किटं ठेवली नाहीत.

"एकतीस वर्षं मी माल पारखला," ते म्हणाले. "घरातला पारखता आला नाही."

मग त्यांनी मुद्दा सांगितला. लेक शनिवारी येत होती. ऑफिसचं काम होतं गावात; अकराला घरी येईन, चहा घेईन, एकला निघेन, असं तिने कळवलं होतं. दोन तास. काकांना त्या दोन तासांत तिच्यापुढे ती ब्राउनी ठेवायची होती, जशी तिने केली होती तशी. "तोंडाने मला सांगता यायचं नाही. फोनवर तीनदा प्रयत्न केला, तीनदा पावसापाण्याचं विचारून ठेवला."

त्या दिवशी गुरुवार होता. म्हटलं, आत्ताच एक करून बघू.

विद्यार्थी म्हणून काका फारच चांगले निघाले. प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये. चॉकलेट वितळताना वाफेचा थेंब पडू नये म्हणून झाकण उघडताना श्वास रोखून धरला. अंडी साखरेबरोबर फेटताना मला विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, "फिकट होईपर्यंत." तर म्हणाले, "हे काही माप झालं का?" आणि घड्याळ लावून बसले. तासभर गरम रसात भिजवलेल्या चेऱ्या पिळताना त्यांचे हात जांभळे झाले. मैदा घातल्यावर मी म्हटलं, आता फार ढवळू नका, तर हात लगेच पाठीमागे बांधले, कारखान्यातल्यासारखे. माझा आवाजही जरा साहेबांसारखा येऊ लागला होता.

टिन आत गेला. पंचवीस मिनिटं लावली. त्यांनी स्टूल ओढलं आणि काचेसमोर बसले. तेच स्टूल.

घंटी झाली. मी टिन बाहेर काढला. वरती पातळ चमकदार पापुद्रा, कडा सुटलेल्या, मधे हलकीशी थरथर. अगदी तिची असायची तशी.

"झाली," मी म्हटलं. "आता तासभर हात लावायचा नाही."

"हलतंय ते," काका म्हणाले.

"हलू दे."

तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा. तिला थोडक्यात बोलायची सवय नाही, आणि ती सवय आमच्या घराण्यात कुणालाच नाही. आठ-दहा मिनिटांनी परत आले तर ओट्यावर टिन नव्हता. ओव्हनचा दिवा लागलेला. काका समोर उभे, हातात काडी.

"पाचच मिनिटं म्हटलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ओली निघाली हो. मला माहीत आहे. ओली निघणार हे मला माहीत होतं. तरी निघाल्यावर राहवलं नाही."

मी टिन बाहेर काढला. उशीर झाला होता. गार होईपर्यंत आम्ही दोघं टेबलाशी बसलो, दवाखान्याच्या बाकावर बसतात तसे. मग त्यांनी कोपरा मोडला. हात आपोआप कानाकडे गेला.

कट्.

त्यांनी तो तुकडा बशीत ठेवला. बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "जित्याची खोड, दुसरं काय."

"काका," मी म्हटलं, "त्या दिवशी मला माहीत होतं. तिने मला आधीच सांगितलं होतं, गार झाली की जमते म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं."

त्यांनी मान वर केली. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"का हो?"

"तुम्ही वडील. माझं काय, ओव्हन तेवढा माझा."

"हं," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हटलं असतं, तरी मी ठेवलाच असता. आज ठेवला तसाच." जरा थांबून म्हणाले, "पण तिला कुणीतरी नाही म्हटलेलं ऐकू आलं असतं."

अकरा वर्षं मी त्या मुलीच्या नजरेला घाईगडबडीची, शेजारधर्माची कारणं देत आले आहे, आणि ती सगळी कारणं त्या एका वाक्यापुढे लगदा होऊन बसली.

मी उठून चेऱ्यांची पिशवी बघितली. शनिवारपुरत्या होत्या. "शनिवारी मी करते," मी म्हटलं. "तुम्ही फक्त खाली घेऊन जा. पावणेअकराला आत ठेवते, सव्वाअकरापर्यंत..."

"नको," काका म्हणाले. "मिश्रण मीच करतो. ते मला जमतं." त्यांनी टिन धुतला, फडक्याने कोपरान्‌कोपरा पुसला आणि पोचाची बाजू आत करून माझ्या ओट्यावर ठेवला. खाली नेला नाही. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून थांबले.

"वहिनी, एक करा. ती आली की मी तिला वर पाठवतो, काकूला भेटून ये म्हणून. टिन तेव्हा आत असेल. कधी बाहेर काढायचा ते तिला ठरवू द्या. मी खाली थांबतो."