बर्फात ठेवलेली बाटली

त्याला सगळे थंडोबा म्हणत. उभी हयात बर्फाच्या कारखान्यात गेली म्हणून नव्हे, लहानपणापासूनच तो तसा होता. घराला आग लागली तरी हा आधी चपला शोधेल आणि मग त्या जोडीनं ठेवून अनवाणीच बाहेर येईल, असं त्याची ताई म्हणायची. पुढे नोकरी लागली तीही नेमकी बर्फाच्या कारखान्यात. तेव्हा ताईनं कपाळावर हात मारून घेतला होता.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा थंडोबा अजून नाक पुसायलाही शिकला नव्हता. त्याला न्हाऊ घालण्यापासून नोकरीला लावण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. ऐन तारुण्यात तिला साखरेचं दुखणं जडलं आणि रोज स्वतःला सुई टोचून घेणं नशिबी आलं. तिनं लग्न केलं नाही. यानंही केलं नाही. याला कुणी विचारलंच नाही, असं ताईचं म्हणणं. दोघं दोन खोल्यांत राहायची, भांडायची आणि एकाच ताटलीतली लोणच्याची फोड वाटून खायची.

"डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर, म्हणजे माणूस सुखी," ती म्हणायची. "बर्फ तुझ्या डोक्यावर गेला आणि साखर माझ्या रक्तात. सुख कुठे गेलं तेवढं शोधायचं राहिलंय बघ."

घरात एक जुना फ्रीज होता. त्याच्या दारातल्या खणात ताईच्या औषधाच्या छोट्या बाटल्या असत. कारखान्यातून आला की थंडोबा फ्रीजचं दार सताड उघडून समोर उभा राहायचा. दिवसभर बर्फात वावरलेल्या माणसाला आणखी कसला गारवा हवा असायचा, देव जाणे. आतल्या खोलीतून ताईचा आवाज ठरलेला. "दार लाव रे, गारवा पळतोय!" मग तो दार लावायचा.

दरवर्षी पदार्थाच्या अवस्थांचा धडा आला की ताई त्याला शाळेत बर्फ घेऊन बोलवायची. बाईंचा भाऊ म्हणून पोरं त्याला बर्फमामा म्हणत. ताई पोरांना एकमेकांचे हात घट्ट धरून ओळीत उभं करायची. "तुम्ही आता स्थायू. जागच्या जागी थरथरा, पण हात सोडायचे नाहीत." मग थंडोबानं उष्णता बनून मधून फिरायचं. हात सुटायचे, पोरं एकमेकांना घासत इकडेतिकडे सरकायची. "हा झाला द्रव. वर्गाचा आकार तोच तुमचा आकार." शेवटी ती दार उघडायची आणि वायू ओरडत मैदानभर पसरायचा. त्याला परत वर्गात आणताना मात्र तिच्या नाकी नऊ यायचे.

नंतर भांड्यातल्या वितळत्या बर्फात तापमापी. बर्फाचा शेवटचा खडा असेपर्यंत पारा शून्यावरून हलायचा नाही, आणि पोरांना ती जादू वाटायची. मग थंडोबाची पाळी. कारखान्यातल्या हौदात मिठाचं पाणी असतं, ते शून्याच्या खाली जातं तरी गोठत नाही, पण त्यात बुडवलेल्या डब्यांतलं साधं पाणी गोठून लादी होते, असं तो सांगायचा. बर्फावर मीठ टाकलं तर तो जास्त गार होतो, हेही सांगायचा. शेवटी ताई विचारायची, "आणि बर्फ वितळला की?"

"पाणी!" वर्ग ओरडायचा.

"आणि पाणी गोठलं की?"

"बर्फ!"

"म्हणजे वस्तू बदलली का?"

"नाही!" यात सगळ्यांत मोठा आवाज बर्फमामाचा असायचा. शाळेत असताना त्याला कुठलंच उत्तर धड आलं नव्हतं. हे एक पक्कं आलं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यानं कहर केला. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटू लागलं, आणि अशातच वीजकेंद्राला आग लागून अख्खं शहर बंद पडलं. वीज कधी येईल ते कुणीच सांगेना. कारखान्याच्या मालकानं लाद्या वितळून गटारात जाण्यापेक्षा लोकांच्या घरी गेलेल्या बऱ्या म्हणून वाटून टाकल्या. थंडोबानं एक मोठा तुकडा गोणपाटात गुंडाळून घरी आणला. येताना कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे डोकावला, तर तो खोकी बाहेर काढून टाकत होता.

"ताईंचं औषध संपलं. गरमीनं सगळं बाद झालंय," औषधवाला म्हणाला. "घरात असेल ते जपा. उन्हात गेलं की कामातून गेलं समजा."

थंडोबाच्या तोंडचं पाणी पळालं. घरी दोनच बाटल्या होत्या. फ्रीज हात लावून पाहिला तर कोमट.

ताई खुर्चीत बसून वहीनं वारा घेत होती. "माठाजवळ ठेव, ओलं फडकं गुंडाळून," ती म्हणाली. "पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. पुरेल तेवढं."

माठ! आयुष्यभर बर्फ हाताळणाऱ्या माणसाला ताई माठ सांगत होती. ज्या एका गोष्टीत जगात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, ती आज पहिल्यांदा ताईच्या उपयोगी पडणार होती. त्यानं स्टीलचा डबा घेतला, आकड्यानं बर्फ फोडून भरला, मधोमध दोन्ही बाटल्या खोचल्या. मग हात सवयीनं मिठाच्या बरणीकडे गेला. त्यानं दोन मुठी मीठ बर्फावर पसरलं, झाकण लावलं, वर गोणपाट बांधलं. अति तिथे माती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण गारव्यातही अति असतं हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्या रात्री तो फार खुशीत झोपला.

सकाळी त्यानं डबा उघडला. डब्याला बाहेरून पांढरं दव गोठलं होतं. बाटली काढून तिरकी केली, तर आतलं औषध हललं नाही. दुसरीही तशीच. दोन्ही बाटल्यांत बर्फ झाला होता.

ताई अजून आत होती. थंडोबा पाठमोरा उभा राहिला आणि दोन्ही बाटल्या तळहातांत धरून फुंकर घालू लागला. कुठल्याही देवाला त्यानं इतक्या कळवळून हात जोडले नसतील. हळूहळू काचेच्या कडेनं पाणी सुटलं, मधला गोळा बारीक होत गेला आणि नाहीसा झाला. औषध पहिल्यासारखं पातळ झालं. त्याच्या जिवात जीव आला. बर्फाचं पाणी झालं, वस्तू तीच राहिली, हे ताईनंच तर शिकवलं होतं. त्यानं खारट बर्फ मोरीत ओतला, डब्यात गार पाणी भरून बाटल्या ठेवल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. सांगितलं असतं तर ताई हसली असती, "मीठ टाकलंस ना, शहाण्या?" म्हणाली असती. एवढ्याच लाजेपोटी तो गप्प राहिला.

ताईनं बाटली खिडकीशी धरून पाहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग सुई भरली आणि टोचून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिला तहान लागू लागली. तांब्यामागून तांबे पाणी पिऊनही तिची जीभ कोरडीच. घरच्या यंत्रावर थेंब टाकून पाहिला तर साखर भलतीच वाढलेली. तिनं पुन्हा सुई घेतली. साखर उतरण्याऐवजी चढली. पोटात कळा येऊन ती ओकली, आणि भिंतीला टेकून बसताना तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"खरं सांग. हे गोठलं तर नव्हतं ना?"

गोठलं म्हणून काय झालं, हा प्रश्नच थंडोबाला आजवर पडला नव्हता. तिच्या डोळ्यांत भीती दिसली तेव्हा पडला. आणि त्या भीतीला घाबरून तो म्हणाला, "नाही गं ताई. पाणीच होतं की."

"मग उन्हाचंच असेल," ती म्हणाली. "दवाखान्यात उन्हानं पडलेल्यांची रांग असेल. त्यांच्यात आणखी मी कशाला? उद्या बघू." आणि तिनं त्याच बाटलीतून आणखी एकदा सुई घेतली.

तो तिच्या पायाशी बसून राहिला. सांगावं, असं दर श्वासाला वाटत होतं आणि तो नुसता तिला वहीनं वारा घालत होता. स्वतःला तो परत परत समजावत होता, की पाणी झालं होतं, अगदी स्वच्छ झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा श्वास खोल आणि भराभर चालू लागला. त्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास होता. हाक मारली तर ती डोळे उघडायची आणि भलत्याच पोराच्या नावानं त्याला जागेवर बसायला सांगायची.

त्यानं कारखान्याची हातगाडी आणली, वर ओली गोणपाटं अंथरली, ताईला उचलून ठेवलं आणि गाडी पळवत सुटला. आयुष्यात कधी न धावलेला थंडोबा उन्हात अनवाणी धावताना गल्लीनं पहिल्यांदा पाहिला. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" तो ओरडत होता आणि रडत होता.

दवाखाना जनरेटरवर चालला होता. डॉक्टरबाईंनी ताईच्या हाताला सलाईन लावलं, नवं औषध सुरू केलं, मग त्यानं आणलेली बाटली उजेडात धरून हलवली. तळाशी बारीक कणी फिरत होती.

"गोठलं होतं का हे?"

"हो," थंडोबा म्हणाला. हा शब्द आता किती सहज निघाला.

"गोठलं की यातला कस जातो. परत पातळ झालं तरी तो येत नाही." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "उकडलेलं अंडं गार केलं म्हणून कच्चं होतं का? तसंच हे. माठाजवळ ठेवलं असतंत तरी चाललं असतं. आणि कालच आणायला हवं होतं यांना. हृदय फार थकलंय."

संध्याकाळी ताईला जरा शुद्ध आली. थंडोबा खाटेच्या कडेला ओणवा झाला.

"ताई, ते गोठलं होतं. मी मीठ टाकलं होतं. मी खोटं बोललो गं."

तिचे ओठ हलले. त्यानं कान जवळ नेला.

"कणी दिसली होती मला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

"मग घेतलंस कशाला?"

"म्हटलं, उगाच शंका... डबा तू भरला होतास." ती दम घ्यायला थांबली. "बर्फातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर थंडोबानं जन्मभर उराशी धरला असता. त्याच्याजवळ आता तेवढाही आधार राहिला नाही. तिचा हात धरून तो तसाच बसला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो हात त्याच्या हातातच गार पडला. किती गार, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? त्यानं तो तळहातांत घट्ट धरला, फुंकर घातली, पुन्हा घातली. परिचारिकेनं त्याला हलकेच उठवलं तेव्हा छतावरचा पंखा फिरू लागला होता. शहराची वीज आली होती आणि सगळ्या दालनात लोक आनंदानं ओरडत होते.

सगळं उरकून तो घरी आला. स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरत होता. त्यानं दार उघडलं. आतला दिवा लागला. दारातला खण रिकामा होता. वर बर्फाच्या साच्यात इतके दिवस नुसतं पाणी होतं, त्यावर आता पातळ पापुद्रा धरला होता. त्याचा परत बर्फ होत होता.

थंडोबा दार सताड उघडं ठेवून उभा राहिला. बराच वेळ गेला. पापुद्र्याला पाणी सुटलं, साच्याच्या बाहेरून दवाचे थेंब खाली टपकू लागले, गारवा सगळा खोलीत पळून गेला. आतल्या खोलीकडे कान देऊन तो तसाच उभा होता. दार लाव म्हणून कुणी ओरडलं नाही.